पाऊस थांबतो, तेव्हा कणसात काय घडते?

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला जेमतेम पाचशेच्या आसपास. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि तिथेच रिती होते. पूर्वेला उतरताना ती तापते, ढग विरळ होतात. माण, खटाव, आटपाडी, जत हा सारा पट्टा असा पर्जन्यछायेत आहे.

पण वर्षाची सरासरी फसवी असते. खरा घात करतो तो पावसाचा खंड. २०२३चा ऑगस्ट हा देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि ऑगस्ट हा बाजरी फुलोऱ्यात येण्याचा काळ. ओल संपली की पीक पानांवरची सूक्ष्म रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, अन्न तयार होणे मंदावते. फुलोऱ्यात हे घडले तर परागीभवन बिघडते, दाणे भरत नाहीत. नंतर पाऊस आला की शिवार पुन्हा हिरवे दिसते, चाराही मिळतो. गेलेले दाणे मात्र परत येत नाहीत.

रब्बीची ज्वारी बहुतांशी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. उत्तरा-हस्ताचा पाऊस हुकला की तिची पेरणीच अडते. उथळ मुरमाड रानात तर ओल काही दिवसच टिकते.

टेंभू आणि म्हैसाळ योजनांतून कृष्णेचे पाणी उचलून या भागात आणले जाते. माझ्या मते त्यावर पहिला हक्क उसाचा नसावा. फुलोऱ्यातल्या जिरायती पिकाला त्यातून एक तरी पाळी मिळायलाच हवी.