विश्वासाची ठेव : शालेय समुपदेशन आणि विद्यार्थ्याचे गुपित

विद्यार्थी शिक्षकाच्या हाती जे जे सोपवितो, त्यांत त्याच्या मनातील गोष्ट ही सर्वांत नाजूक ठेव होय. ठेव ज्याची असते तोच तिचा धनी. सांभाळणारा केवळ विश्वस्त. शालेय समुपदेशनातील गोपनीयतेचा विचार करताना हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

आपल्या बेळगाव-निपाणी परिसरात हा प्रश्न अधिक बिकट होतो. येथे माणसे एकमेकांना घरोब्याने ओळखतात. वर्गशिक्षक मुलाच्या वडिलांचे सोबती असतात, शाळेतील शिपाई मामा शेजारी राहतात. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत निघालेला शब्द संध्याकाळी बाजारात, तेथून विड्या वळणाऱ्या बायकांच्या बैठकीत पोहोचतो. मग ते मूल पुन्हा कुणापाशीच मन मोकळे करीत नाही.

समजा, नववीतील एक विद्यार्थिनी समुपदेशक बाईंना म्हणते, "बाई, कुणाला सांगणार नसाल तर एक सांगते." बाई वचन देतात. मग कळते, की परीक्षा संपताच तिचे लग्न उरकण्याचे घरी ठरले आहे. आता मौन पाळावे तर मुलीचे आयुष्य पणास लागते. बोलावे तर शब्द मोडतो. वस्तुतः हा पेच आधी दिलेल्या अमर्याद वचनाने निर्माण केला आहे. म्हणून पहिल्याच भेटीत सांगावे : "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील; मात्र तुझ्या अथवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कायद्याने भाग पडेल, तर मला योग्य व्यक्तीस कळवावे लागेल; तेही शक्यतो तुला आधी सांगून." हे ऐकून एखादे मूल गप्प राहील. तो धोका पत्करावा; फसवून मिळविलेला विश्वास टिकत नाही.

कायद्याची मर्यादाही स्पष्ट आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यान्वये, असा अपराध घडल्याचे कळूनही जो पोलिसांना कळवीत नाही, त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. येथे समुपदेशकास निवडीस वाव नाही. मात्र कळविणे म्हणजे गवगवा करणे नव्हे. बालकाची ओळख वृत्तपत्रांतून उघड करण्यास याच कायद्याने बंदी घातली आहे.

बालविवाहाच्या बाबतीत सीमाभागाची विशेष अडचण आहे. वधूचे वय १८ व वराचे २१ वर्षांपेक्षा कमी नसावे, हा नियम दोन्ही राज्यांत एकच. परंतु २०१७ पासून कर्नाटकात लागू झालेल्या दुरुस्तीने असा विवाह मुळातच निरर्थक ठरतो. महाराष्ट्रात २००६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तो सामान्यतः अल्पवयीन पक्षाच्या अर्जावरून रद्द होतो. निपाणीची मुलगी आणि कागलचे कार्यस्थळ असा योग आला, तर विलंब न करता विवाहापूर्वीच हालचाल करावी. न्यायदंडाधिकाऱ्यांस मनाई हुकूम देण्याचा अधिकार आहे आणि मुलांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक सीमेच्या दोन्ही बाजूंस चालतो.

दुसरी अडचण भाषेची. मूल मराठीत रडते, कार्यालयीन कागद कन्नडात तयार होतो. भाषांतर करणाराही त्या गुपिताचा वाटेकरी बनतो. म्हणून तो ओळखीपाळखीचा नसावा. मुलास न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल, तर दुभाषा पुरविण्याची तरतूद २०१२ च्या कायद्यात आहे. ती मागून घ्यावी.

निर्णय घेताना चार प्रश्न स्वतःस विचारावेत. धोका किती जवळचा आहे? कायदा काय सांगतो? मुलाची स्वतःची इच्छा काय? आणि कमीत कमी कोणास, कमीत कमी किती सांगितले असता काम भागेल? शंका असल्यास नावगाव न सांगता अनुभवी सहकाऱ्याचा सल्ला घ्यावा व निर्णयाची कारणे कुलूपबंद वहीत टिपून ठेवावीत.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्या खटल्याचे अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. मूल लहान म्हणून त्याचा मान लहान नव्हे, हे शाळांनीही मानले पाहिजे.

मग त्या बाईंनी काय करावे? प्रथम मुलीपाशी कबूल करावे, "असे वचन मी द्यावयास नको होते." घरात तिची बाजू घेणारे कोण आहे, आजी की मामा, हे तिलाच विचारावे. घरी बोलल्याने लग्न उलट घाईने उरकले जाईल असे दिसल्यास, तिला सांगून बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यास कळवावे. मुख्याध्यापकांस आवश्यक तेवढेच सांगावे. शिक्षकांच्या खोलीत एक अक्षरही काढू नये. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात आली, तर तिच्याकडे कुणाचीही नजर वळता कामा नये.