ऊसतोडीस जाणारे पालक व एच.आय.व्ही.ची माहिती

दसरा-दिवाळीच्या सुमारास जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या भागांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बिऱ्हाड घेऊन निघतात, ती पाच-सहा महिन्यांनी परततात. एच.आय.व्ही.विषयी पालकसभेत बोलावयाचे, तर ते टोळ्या निघण्यापूर्वीच. मागाहून सभेस येतात ती बहुधा म्हातारी माणसे.

सभेत प्रथम भय दूर करावे. एका ताटात जेवल्याने, एका माठातील पाणी प्याल्याने, शेजारी बसल्याने किंवा डास चावल्याने हा विषाणू पसरत नाही. तो पसरतो असुरक्षित लैंगिक संबंधातून, दूषित रक्त व सुया यांमुळे, तसेच आईकडून बाळास. येथे शब्द चोरू नयेत. निरोधचे नाव घेण्यास संकोचणारा वक्ता अर्धीच गोष्ट सांगतो. गरोदरपणी तपासणी होऊन वेळीच औषध सुरू झाले, तर बाळास लागण होण्याचा धोका ५ टक्क्यांखाली आणता येतो. सरकारी रुग्णालयात तपासणी विनामूल्य होते. औषधेही २००४ पासून विनामूल्य मिळू लागली. मात्र ती रोज, जन्मभर घ्यावी लागतात. म्हणून गाव सोडण्यापूर्वी एआरटी केंद्रास तसे कळवावे, म्हणजे पुढील औषधांची तजवीज होते.

लागण झालेल्या बालकास शाळेतून वगळणे वा वेगळे बसविणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. विश्वासाने कळलेली ही गोष्ट शिक्षकाने पालकांच्या लेखी संमतीवाचून सहकाऱ्यासही सांगू नये. हजेरीपत्रकावर तशी खूणही करू नये. चारचौघांत विचारण्याचा संकोच वाटणाऱ्यांस १०९७ ह्या दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य माहिती मिळते.