रात्री तीन वाजता वाहणारे पाणी

दिवाळी अंक हाती येतो तेव्हा आपल्याकडची धरणे बहुधा काठोकाठ असतात; सरलेल्या पावसाळ्याचा हिशेब मांडून झालेला असतो. भूमध्य समुद्राकाठी याच सुमारास हिशेबाची वही नव्याने उघडते. स्पेनचे जलवर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, कारण तिथला पाऊस हिवाळ्याचा. उन्हाळा कोरडा ठणठणीत, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पर्यटकांच्या झुंडी उतरतात. निसर्गाची देण्याची वेळ आणि शहराची मागण्याची वेळ एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. अथेन्समध्ये वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बार्सिलोनात ६०० च्या आसपास, आणि एखादे वर्ष दगा देणार हे गृहीतच. त्यामुळे या शहरांच्या पाण्याचा इतिहास म्हणजे दुष्काळांची जंत्री असे वाटते. बारकाईने पाहिले की वेगळेच दिसते. शहराची तहान पाऊस ठरवत नाही. ती शहर स्वतः घडवते, आणि तीही टंचाईत नव्हे, तर दोन टंचाईंच्या मधल्या भरल्या वर्षांत.

जुना रिवाज सोपा होता: पाणी कमी पडले की आणखी दूर जायचे. १८३०च्या दशकातील टंचाई आणि कॉलऱ्याने हादरलेल्या मार्सेयने द्युरान्स नदीचे पाणी कालव्याने आणायचे ठरवले. १८४९ मध्ये ते शहरात पोचले. वाटेत रोकफावूरचा ८० मीटरहून उंच जलसेतू उभा राहिला. ज्या टेकडीवर कालव्याचे पाणी शहराला भेटले तिथे पुढे लाँशाँ प्रासाद बांधला गेला, धबधब्यांसह. अथेन्सची कहाणी याहून बोलकी आहे. १९२२ नंतर आशिया मायनरमधून आलेल्या निर्वासितांनी शहर फुगले आणि १९२९ मध्ये मॅरेथॉनचे धरण पुरे झाले. ५४ मीटर उंचीच्या या धरणाचा दर्शनी भाग पेंटेलीच्या संगमरवराने मढवलेला आहे. पार्थेनॉनचा दगडही त्याच डोंगरातला. पायथ्याशी डेल्फी येथील अथेनियन खजिन्याची प्रतिकृती आहे. मूळ खजिना मॅरेथॉनच्या लढाईचे विजयस्मारक मानला जातो, म्हणजे धरणही तहानेवरचा विजय म्हणूनच बांधले गेले. पण हा विजय टिकला नाही. मॅरेथॉन पुरेना तेव्हा इलिकी सरोवर, १९८०च्या सुमारास मोर्नोस धरण आणि त्याचा जवळपास १९० किलोमीटरचा कालवा, नंतर २००१ मध्ये एविनोसचे धरण. प्रत्येक नवा साठा 'आता पुढच्या पिढ्यांची चिंता मिटली' म्हणत आला आणि शहराने तो एका पिढीतच पिऊन टाकला.

तहान घडवलेली असते याचा पुरावाही अथेन्सनेच दिला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे सलग कोरडी वर्षे आली आणि साठे तळाला गेले. पाण्याचे दर, विशेषतः जास्त वापरणाऱ्यांचे, झपाट्याने चढवले गेले. बागांना पाणी घालणे, गाड्या धुणे, जलतरण तलाव भरणे यांवर बंधने आली. दोन-तीन वर्षांत शहराचा वापर सुमारे एक-तृतीयांशाने खाली आला. लोक तेच, घरे तीच, उन्हाळाही तोच. बदलले होते ते फक्त पाण्याचे मोल आणि त्याविषयीची जाणीव. आधीची 'गरज' हा आकडा गरजेचा नव्हता, सवयीचा होता. पुढे पाऊस परतला, एविनोसचे पाणी बोगद्यातून मोर्नोसला मिळाले आणि वापर पुन्हा चढत गेला. शिस्त आणीबाणीपुरती होती. तिची व्यवस्था झाली नव्हती. २०२४ मध्ये मोर्नोसची पातळी इतकी उतरली की पाण्याखाली गेलेल्या कालिओ गावाच्या भिंती वर आल्या. आता आणखी पश्चिमेच्या प्रवाहांचे पाणी आणण्याची योजना पुढे आली आहे. दरम्यान, सम्राट हॅड्रियनने इसवी सन १२५ च्या सुमारास सुरू केलेली भुयारी जलवाहिनी अजून पाणी झिरपवते आहे. ते पिण्याचे नसले तरी बागांना चालेल, हे अथेन्सच्या हालांद्री उपनगराने अलीकडे मनावर घेतले.

बार्सिलोनाने धडा थोडा अधिक लक्षात ठेवला. मे २००८ मध्ये या शहराने जहाजाने पाणी आणले, तारागोना आणि मार्सेयहून. एका जहाजात सुमारे दोन कोटी लिटर; महानगराच्या एका दिवसाच्या घरगुती गरजेलाही न पुरणारे. त्याच महिन्यात पाऊस कोसळला आणि जहाजे थांबली. पण या नामुष्कीनंतर शहर स्वस्थ बसले नाही. २००९ मध्ये एल प्रात येथे समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प सुरू झाला. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा योब्रेगात नदीत, पिण्याचे पाणी उचलण्याच्या जागेच्या वरच्या अंगाला सोडण्याची सोय झाली. घरगुती वापर माणशी दिवसाला १०० लिटरच्या आसपास आला आणि तिथेच राहिला. आपल्याकडच्या शहरांसाठी नियोजनाचे प्रमाण १३५ लिटर धरले जाते. मग आला अलीकडचा दीर्घ दुष्काळ. शहराला पाणी देणाऱ्या साउच्या जलाशयात एरवी फक्त कळस दाखवणारे अकराव्या शतकातील चर्च पायथ्यापर्यंत उघडे पडले. साठा १६ टक्क्यांखाली गेल्यावर १ फेब्रुवारी २०२४ रोजी कॅटलोनियाने बार्सिलोनासह सुमारे २०० नगरपालिकांत आणीबाणी पुकारली. व्यापार आणि सार्वजनिक वापर धरून माणशी दिवसाला २०० लिटरची मर्यादा आली, समुद्रकिनाऱ्यावरचे शॉवर बंद झाले. तरीही घरांचे नळ आळीपाळीने बंद करण्याची वेळ आली नाही. त्या काळात शहराचे निम्म्याहून अधिक पाणी समुद्रातून आणि सांडपाण्यातून आले. २००८ आणि २०२४ या दोन दुष्काळांतला फरक पावसाने नव्हे, मधल्या पंधरा वर्षांनी ठरवला.

या मधल्या वर्षांत करायचे काम मात्र डोळ्यांत भरणारे नसते. त्याचे सगळ्यात चांगले उदाहरण म्हणजे रात्रीचे मोजमाप. शहराचे छोटे विभाग पाडायचे, प्रत्येक विभागात शिरणाऱ्या जलवाहिनीच्या तोंडाशी मीटर बसवायचा आणि रात्री दोन ते चारच्या दरम्यान त्याचा काटा पाहायचा. त्या वेळी माणसे झोपलेली असतात. नळ, मोऱ्या, धुलाई यंत्रे शांत. तरीही काटा जोरात फिरत असेल तर तिथे पाणी माणसे पीत नाहीत, जमीन पीत आहे. मग त्या विभागात जमिनीला कान लावून फट शोधायची आणि रात्रीचा दाब उतरवायचा, कारण दाब जास्त तर गळती जास्त. माल्टाने हे चिकाटीने केले. या बेटावर नदी नाही. पिण्याचे निम्म्याहून अधिक पाणी समुद्रातून गोडे करून मिळवावे लागते. इतके महाग पाणी मातीत जिरवणे परवडत नाही, म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिथली गळती कित्येक पटींनी खाली आणली गेली. याउलट इटलीच्या शासकीय सांख्यिकी संस्थेनुसार २०२२ मध्ये तिथल्या नगर-जलवाहिन्यांत सोडलेल्या पाण्यापैकी ४२.४ टक्के ग्राहकापर्यंत पोचलेच नाही. अशा शहराला नवे धरण देणे म्हणजे फुटक्या रांजणात घागरी ओतत राहणे.

'गळतीचे राहू द्या, पाणी काही तास बंद ठेवले की आपोआप वाचते,' हा पहिला आक्षेप आणि इथला सहज तोडगा. तो सायप्रसने २००८ मध्ये अजमावला, ग्रीसहून जहाजाने पाणी आणत असतानाच. परिणाम उलटा झाला. रिकाम्या पाइपात हवा भरते, पाणी सोडले की दाबाचा धक्का बसतो, सांधे निखळतात. आळीपाळीच्या काळात पाइप फुटण्याचे प्रमाण वाढले, आणि जलवाहिन्यांना बसलेला मार पुरवठा सुरळीत झाल्यावरही भोवत राहिला. शिवाय पाणी बंद असताना दाब नसलेल्या पाइपात बाहेरची घाण शिरते. ज्याच्या गच्चीवर मोठी टाकी, त्याला आळीपाळीची झळ लागत नाही. चाळीतल्या बादलीला लागते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा: समुद्र दारात असताना काटकसर कशाला? इस्रायलकडे बोट दाखवले जाते. तिथे अश्केलोनचा प्रकल्प २००५ मध्ये आणि सोरेकचा २०१३ मध्ये सुरू झाला, आणि घराघरांत समुद्राचे पाणी पोचले. पण त्याच देशाने सांडपाण्याचा बहुतांश भाग शुद्ध करून शेतीला दिला. तेल अवीव परिसराचे सांडपाणी वाळूच्या थरांतून मुरवून नेगेवच्या शेतांपर्यंत जाते. पाण्याचे दर वाढवून शहरी वापरालाही आवर घातला गेला. म्हणजे समुद्राचे पाणी हिशेबाच्या जागी आले नाही, हिशेबानंतर आले. एक घनमीटर पाणी गोडे करायला तीन ते चार युनिट वीज लागते. असा प्रकल्प म्हणजे विमा आहे. हप्ता भरावा, पण त्याच्या भरवशावर घराला आग लावू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. स्पेनमधले तीन-चतुर्थांशांहून अधिक पाणी शेतीला जाते. मग घरातल्या नळामागे का लागायचे? याचे उत्तर खोऱ्यानुसार बदलते. बार्सिलोनाला पाणी देणाऱ्या तेर आणि योब्रेगात खोऱ्यांच्या प्रदेशात शहरी मागणी शेतीपेक्षा मोठी आहे, आणि २०२४ च्या आणीबाणीत तिथल्या सिंचनाला ८० टक्के कपात सोसावी लागली. शेतकऱ्याच्या वाट्याला एवढी कपात आल्यावर शहराने हॉटेलांचे तलाव भरायचे, हे कोणत्या तोंडाने? २००१ च्या राष्ट्रीय आराखड्यात एब्रो नदीचे पाणी दक्षिणेकडे नेण्याची योजना होती. एब्रोच्या मुखाजवळची माणसे रस्त्यावर उतरली आणि २००४ मध्ये ती रद्द झाली. दुसऱ्याच्या खोऱ्यावर हक्क सांगण्याआधी शहराला आपला हिशेब दाखवावा लागतो. दर वाढले की गरीब मरतो, हा धोकाही खरा आहे. म्हणून बार्सिलोनात मोठ्या कुटुंबांसाठी स्वस्त दराचे टप्पे रुंद केले जातात. गरजेला स्वस्त आणि चैनीला महाग, हे तत्त्व मीटरशिवाय राबवताच येत नाही.

मुंबईपुढेही हा प्रश्न आता त्याच आकड्यात उभा आहे. मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या प्रस्तावित प्रकल्पाचा पहिला टप्पा दिवसाला २० कोटी लिटरचा, म्हणजे एल प्रातएवढाच. शहराला रोज ४०० कोटी लिटरच्या आसपास पाणी मिळते. त्यातला चौथा हिस्सा तरी गळती आणि चोरीत जातो, असे वर्षानुवर्षे सांगितले जात आहे. म्हणजे मनोरीसारख्या पाच प्रकल्पांचे पाणी आजच आपल्या पायांखालून वाहते आहे. मनोरी नको असे यातून निघत नाही. तिचे पाणी त्याच पाइपांतून येणार आहे, एवढेच निघते. धरणे भरलेली आहेत, कपातीची चर्चा जूनपर्यंत लांब आहे. मीटरचा रात्री तीनचा काटा पाहण्याची वेळ हीच.