बाली स्वरश्रेणी आणि उकुलेलेचे स्वरसंघ

लिप्यंतरात उच्चाराचे काय गळते, हे आपण मागील घटकात पाहिले. तोच प्रश्न आता स्वरांविषयी विचारू. बाली बेटावरील गामेलान वाद्यवृंदात 'पेलोग सेलिसिर' ही पाच स्वरांची श्रेणी वापरतात. पाश्चात्त्य स्वरांत ती ढोबळमानाने ई, एफ, जी, बी, सी अशी लिहिली जाते. ईला षड्ज मानल्यास सा, कोमल रे, कोमल ग, प, कोमल ध, म्हणजे भूपाल तोडीचेच स्वर हाती येतात.

उकुलेलेच्या चार तारा जी, सी, ई, ए अशा मिळवतात. पहिल्या तीन मोकळ्या वाजवता येतात; ए मात्र श्रेणीबाहेरचा, म्हणून ती तार दाबावीच लागते. तिसऱ्या पडद्यावर दाबली की सी मेजर हा स्वरसंघ मिळतो, दुसऱ्यावर दाबली की सी मेजर सेव्हन्थ. दुसऱ्या पडद्यावरील बोट तसेच ठेवून सी तार चौथ्या आणि ई तार तिसऱ्या पडद्यावर दाबल्यास ई मायनर. एफ मेजर मिळणार नाही. त्याला ए लागतो.

आता गळती पाहा. उकुलेलेचे पडदे बारा समान अर्धस्वरांचे. गामेलानची जुळणी मात्र वृंदागणिक बदलते. शिवाय जोडीतील दोन वाद्ये मुद्दाम किंचित वेगळी मिळवतात. त्यातून उमटणाऱ्या कंपाला 'ओम्बाक', म्हणजे लाट, असे नाव आहे. 'चाक' आणि 'चार' यांतील च आपण एकाच अक्षराने लिहितो, कारण वाचकाला भेद ठाऊक असतो. गामेलान कधीच न ऐकलेल्या वादकाला ही सोय नाही. दोन उकुलेले किंचित फरकाने मिळवून एकत्र वाजवल्यास त्या लाटेची थोडी कल्पना येते.