‘बेसिस पॉइंट’ म्हणजे नेमके किती?

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये रेपो दर ५० बेसिस पॉइंटने घटवून ५.५० टक्क्यांवर आणला. हे ५० म्हणजे ५० टक्के नव्हेत. १०० बेसिस पॉइंट म्हणजे १ टक्का; म्हणजेच कपात अर्ध्या टक्क्याची.

मग थेट ‘टक्के’ का म्हणत नाहीत? ८ टक्के व्याजदर ‘१० टक्क्यांनी वाढला’ म्हटले, तर तो ८.८ झाला की १८, असा घोळ होतो. ‘८० बेसिस पॉइंट’ म्हटले की ८.८ हा एकच अर्थ उरतो.

१० लाखांच्या शिल्लक कर्जावर ही वाढ वर्षाला सुमारे ८,००० रुपयांचे जादा व्याज लावते. त्यामुळे बँकेचा मेसेज आला की आकड्याला १०० ने भागा. उत्तर टक्क्यांत मिळेल.