गॅस आला, पण धूर गेला का?



गटाच्या बैठकीत "घरी गॅस कोणाकडे आहे?" असं विचारलं की बहुतेक हात वर होतात. "आणि न्हाणीचं पाणी कशावर तापतं?" म्हटलं की सगळ्या हसतात. चुलीवरच! भात उकडायचा तोही चुलीवर. सिलिंडर परवडत नाही, आणि सोडणं, चुडतं, करवंट्या दारातच असतात. त्यामुळे चूल लगेच बंद होणार नाही. पण तिचा धूर कमी करणं आपल्या हातात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख माणसं दगावली. त्यात पाच वर्षांखालची २ लाखांहून जास्त मुलं होती. धुरातले बारीक कण फुफ्फुसात खोल जातात. लहान मुलांना न्यूमोनिया होतो, बायकांना दम लागतो, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. गरोदर ताई धुरात राहिली तर बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं.

पूर्वी धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. आता स्लॅब झाला, पण चूल तशीच राहिली. पावसात दारंही बंद. मग धूर जाणार कुठे?

एवढं करून बघा

१. लाकडांची बेगमी पावसाआधीच करा. ओल्या लाकडाची बरीच आग पाणी आटवण्यातच जाते, म्हणून धूर होतो. लाकडं बारीक फोडून पडवीत, जमिनीपासून उंच रचा.

२. धुराला वाट द्या. गरम धूर वर चढतो, म्हणून झरोका वरच्या बाजूला हवा. आपल्या कुणकेश्वरात पावसाळी वारा समुद्राकडून येतो. झरोका त्या बाजूला ठेवला तर धूर परत आत येतो. तो विरुद्ध बाजूला ठेवा. धुराडं असेल तर त्यातली काजळी वरचेवर काढा.

३. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा रंग लावलेली फळी नको. तो धूर विषारी असतो. सुकं चुडत पुरे.

४. बाळंतिणीच्या बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवू नका, बाळाला धुरी देऊ नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखलं, गरगरलं तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

दोन-तीन गुरं असतील तर बायोगॅसचा विचार करा. १ घनमीटरच्या बायोगॅसला रोज साधारण २५ किलो शेण लागतं. उरलेली स्लरी माडांना, कलमांना खत म्हणून चालते. आपल्याच जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातल्या झारापची भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान ही संस्था गावोगावी बायोगॅसचं काम करते. धुराडं किंवा बायोगॅस यासाठी गटातून कर्ज मागायला संकोच करू नका. शेळीसाठी कर्ज घेतो, तसंच हे.

पुढच्या बैठकीला येण्याआधी चुलीवरची भिंत आणि छप्पर बघा. काजळी जिथवर गेली आहे, तिथवर धूर जातो. तिथे कोण बसतं, कोण झोपतं? गरोदर ताई, तान्हं बाळ किंवा दम्याची सासू असेल, तर त्या घराचं काम गटाने आधी हाती घ्यावं.