बर्फावरील एक जुना वाद

'श्रेष्ठ कोण?' हा प्रश्न एकदां पंक्तींत निघाला, कीं पानांतील वरण निवून जातें. वाद मात्र निवत नाहीं. मुंबईचे पंचरंगी क्रिकेट-सामने १९४६ नंतर कायमचे बंद झाले. तरी त्यांतील हिंदु संघ कोणत्या वर्षीं अधिक बलाढ्य होता, यावर आमच्या घरांतील वडील मंडळी पुढें कित्येक वर्षें हिरीरीनें भांडत असत. स्पर्धाच उरली नाहीं म्हणजे नवा सामना होऊन जुना दावा खोटा ठरण्याची भीति उरत नाहीं. म्हणून अशा वादांना मरण नसतें. तसाच एक वाद कॅनडा व अमेरिका या देशांतील हॉकीच्या शौकिनांत अद्याप चालू आहे. तो आहे १९७९ सालीं लयास गेलेल्या 'वर्ल्ड हॉकी असोसिएशन' या धंदेवाईक लीगमधील सर्वोत्तम संघाविषयीं.

हॉकी म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान, ध्यानचंद आणि ऑलिंपिकचीं सुवर्णपदकें उभीं राहतात. प्रस्तुत हॉकी निराळी. ती गोठविलेल्या पाण्याच्या गुळगुळीत पटांगणावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट चढवून खेळतात. चेंडूऐवजीं कठीण रबराची चपटी चकती असते. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून सहा गडी, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. वेग इतका, कीं दम उखडूं नये म्हणून गड्यांच्या तुकड्या घटकोघटकीं नव्हे तर मिनिटा-मिनिटाला बदलाव्या लागतात. धक्काबुक्की नियमांतच बसते. गुद्दागुद्दी नियमांत बसत नाहीं. परंतु त्या काळीं ती जणूं तिकिटाच्या पैशांत धरलेली असे.

या खेळावर 'नॅशनल हॉकी लीग' या जुन्या संस्थेची जवळजवळ अनिर्बंध सत्ता होती. तिच्या करारांत एक कलम असें असे कीं, मुदत संपली तरी खेळाडू त्याच संघाशीं बांधलेला राही. म्हणजे नोकरी सोडण्याची मोकळीक होती, पण दुसरी धरण्याची नव्हती! १९७१ सालीं गॅरी डेव्हिडसन व डेनिस मर्फी या कॅलिफोर्नियांतील दोघा उद्योगी गृहस्थांनीं प्रतिस्पर्धी लीग उभारली, आणि १९७२ च्या हंगामांत बारा संघांनिशीं खेळास प्रारंभ झाला. प्रकरण अर्थातच न्यायालयांत गेलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत फिलाडेल्फियाचे न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनीं या कलमाच्या जोरावर खेळाडूंस अडवून ठेवण्यास जुन्या लीगला मनाई केली. खेळाडूंचे पगार भराभर वाढले. संघांची स्थिति मात्र तितकी सुखाची नव्हती. ओटावाचा संघ वर्षभरांत टोरोंटोस गेला आणि तेथून कांहीं वर्षांनीं थेट दक्षिणेंत बर्मिंगहॅमला. डेन्व्हरचा संघ १९७६ च्या जानेवारींत ऐन हंगामांत ओटावास हलला, आणि त्याच महिन्यांत मोडला. अशा या भाडेकरूंच्या चाळींत दोन घरें मात्र नांदतीं होतीं: ह्यूस्टनचा 'एरोज' संघ व विनिपेगचा 'जेट्स' संघ. वाद मुख्यतः या दोहोंचा आहे.

ह्यूस्टन हें टेक्सास प्रांतांतील, खनिज तेलाच्या व्यापारावर वाढलेलें, दमट व उष्ण हवेचें शहर. तेथें बर्फावरील खेळ रुजावा ही गोष्टच नवलाची. ती घडली ती मुख्यतः एका कुटुंबामुळें. गॉर्डी हाउ हे डेट्रॉइटच्या संघांत पंचवीस हंगाम खेळून १९७१ सालीं निवृत्त झाले होते, व त्यांची गणना त्या खेळांतील दैवतांत होत असे. त्यांचे पुत्र मार्टी व मार्क हे अनुक्रमें एकोणीस व अठरा वर्षांचे. जुनी लीग वीस वर्षांखालील मुलांस घेत नसे; नव्या लीगनें तें बंधन मानलें नाहीं. १९७३ सालीं ह्यूस्टननें दोघां मुलांबरोबर पंचेचाळीस वर्षांच्या पित्यासहि करारबद्ध केलें. हें निव्वळ जाहिरातीसाठीं आहे, असें पुष्कळांस वाटलें. हाउ यांनीं त्या हंगामांत स्वतःचे ३१ गोल केले, ६९ गोलांस साहाय्य दिलें, आणि लीगमधील सर्वांत मौल्यवान् खेळाडूचा मान मिळविला. उत्तम नवोदिताचा मान मार्कला मिळाला. तीर्थरूपांच्या बरोबरीनें चिरंजीव मैदानांत उतरतात आणि मुलांच्या अंगावर कोणी धांवून आला तर त्याची गांठ प्रथम तीर्थरूपांच्या कोपराशीं पडते, हा देखावा एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हां वाचकांस विशेष रुचावा!

१९७४ सालीं अंतिम मालिकेंत शिकागोचा चार सामन्यांत सरळ पाडाव करून ह्यूस्टननें 'ॲव्हको' चषक पटकावला. पुढील वर्ष त्याहून तेजस्वी होतें. ७८ सामन्यांत ५३ विजय, २५ पराभव, बरोबरी एकहि नाहीं. एकूण गुण १०६. नंतरच्या निर्णायक मालिकांत बारा सामने जिंकले व एकच गमावला. अंतिम मालिकेंत क्वेबेकला एकहि सामना मिळूं दिला नाहीं. १९७४-७५ चा हा संघ सर्वश्रेष्ठ, असें म्हणणारांचा पक्ष मोठा आहे, आणि त्याचा पाया भक्कम आहे.

आतां विनिपेगकडे वळूं. गव्हाच्या सपाट प्रदेशांतील हें कॅनडाचें शहर थंडीविषयीं प्रसिद्ध. १९७२ सालीं येथील संघानें जुन्या लीगचे अग्रगण्य गोलकर्ते बॉबी हल यांना फोडून आणलें. करारावर सही करतांना दहा लक्ष डॉलर त्यांच्या हातीं पडले. ही रक्कम लीगच्या इतर संघांनींहि वांटून घेतली होती, कारण हल आले म्हणजे लीगची पत आली हें सर्वांस ठाऊक होतें. त्याचें प्रायश्चित्त म्हणून त्याच वर्षीं रशियाविरुद्ध झालेल्या प्रख्यात मालिकेसाठीं कॅनडाच्या संघांतून त्यांना वगळण्यांत आलें. विनिपेगचें खरें धाडस मात्र १९७४ चें. त्या वर्षीं त्यांनीं स्वीडनहून अँडर्स हेडबर्ग, उल्फ निल्सन, लार्स-एरिक शोबर्ग आणि फिनलंडहून वेली-पेक्का केटोला आदि गडी आणले. युरोपीय खेळाडू नाजूक, त्यांना मार सोसत नाहीं, असा समज तेव्हां कॅनडांत रूढ होता.

या पाहुण्यांनीं खेळाची रीतच पालटली. कॅनडाच्या पद्धतींत डाव्या-उजव्या बाजूचा गडी आपापल्या पट्ट्यांतून वरखालीं जाई, आणि मार्ग बंद दिसला तर चकती पुढें भिरकावून तिच्यामागें धांवे. स्वीडिश गडी चकती अशी दान करीत ना. वाट सांपडली नाहीं तर मागें वळत, पुन्हां जुळणी करीत, आणि चालतां चालतां जागा बदलत. उजवीकडचा डावीकडे, मधला मागें. हल यांनीं वयाच्या पस्तिशींत ही नवी विद्या आत्मसात् केली. मध्यें निल्सन, उजवीकडे हेडबर्ग आणि डावीकडे हल, या त्रयीच्या पहिल्याच हंगामांत एकट्या हल यांचे ७८ सामन्यांत ७७ गोल झाले. आणि गंमत अशी कीं, इतकें होऊनहि त्या वर्षीं विनिपेगला निर्णायक मालिकांत प्रवेशसुद्धां मिळाला नाहीं! तीन शिंपी एकत्र बसले म्हणजे सबंध लग्नघराचे कपडे तयार होतातच असें नाहीं.

शिवाय मार. स्वीडिश गड्यांस काठीनें, कोपरानें, मुठीनें झोडपून काढणें हा प्रतिपक्षाचा ठरलेला बेत असे, आणि पंच पुष्कळदां डोळेझांक करीत. ऑक्टोबर १९७५ मध्यें या दांडगाईच्या निषेधार्थ हल यांनीं एका सामन्यांत खेळण्याचें नाकारलें. ज्यांच्या नांवावर तिकिटें खपत, त्यांनीं परक्या सोबत्यांसाठीं असा हट्ट धरावा, हें मला त्यांच्या गोलांहून मोठें वाटतें. स्वीडिश मंडळींनीं उत्तर दिलें तें निराळें: उठावें, अंग झटकावें, आणि गोल करावा.

१९७५-७६ च्या हंगामाअखेर विनिपेगचे गुण झाले १०६, म्हणजे ह्यूस्टनच्या आदल्या वर्षाइतकेच. सामने मात्र ८१. निर्णायक मालिकांत बारा विजय व एक पराभव, हेंहि तेंच! येथवर तराजूचीं दोन्ही पारडीं समान. परंतु अंतिम मालिकेंत समोर होतें खुद्द ह्यूस्टन, दोन वर्षांचें विजेतें, आणि विनिपेगनें त्याला सलग चार सामन्यांत हरविलें. ह्यूस्टनचे अभिमानी म्हणतात कीं, तो पूर्वींचा ह्यूस्टन नव्हता, हाउ अठ्ठेचाळीस वर्षांचे झाले होते. आक्षेप खरा आहे. पण त्या हंगामांतहि ह्यूस्टननें ५३ सामने जिंकले होते; अशा संघास म्हातारा म्हणणें कठीण. माझें मत म्हणून १९७६ च्या विनिपेगला.

विनिपेगच्या पक्षांतहि एक पोटशाखा आहे. ती १९७७-७८ चा संघ पुढें करते, कारण ५ जानेवारी १९७८ रोजीं त्यानें सोव्हिएट राष्ट्रीय संघाला ५-३ असें हरविलें. हल यांचे तीन गोल व निल्सन यांचे दोन. राष्ट्राच्या निवडक संघावर एका शहराच्या संघानें मिळविलेला हा विजय होता. मोह पडण्यासारखी गोष्ट आहे खरी. तथापि त्या वर्षीं लीगमध्यें आठच संघ उरले होते, आणि एका रात्रीच्या पराक्रमावरून सबंध हंगाम तोलणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

या साऱ्यांत एक रुखरुख आहे. १९७९ सालीं लीग मोडली तेव्हां एडमंटन, क्वेबेक, विनिपेग आणि न्यू इंग्लंड हे चार संघ जुन्या लीगनें आंत घेतले, परंतु विजेत्यांच्या अटींवर. पूर्वीं निसटलेले बहुतेक खेळाडू परत मागून घेण्यांत आले. सात वर्षांत पांच वेळां अंतिम मालिका खेळलेल्या व तीन वेळां चषक जिंकलेल्या विनिपेगची अशी लूट झाली, कीं १९८०-८१ मध्यें त्यांना ८० सामन्यांत अवघे नऊ विजय मिळाले, आणि सलग तीस सामने विजयावांचून गेले. नव्या लीगमधील गोलहि जुन्या लीगच्या अधिकृत नोंदींत धरले जात नाहींत. हल यांचे ३०३ व हाउ यांचे १७४ गोल त्या वहीबाहेरच राहिले आहेत. खेळाची रीत मात्र वहीबाहेर ठेवतां आली नाहीं. एडमंटनचे ग्लेन सॅदर यांनीं विनिपेगचा खेळ विरुद्ध बाजूनें पाहिला होता. वेन ग्रेट्स्कीला घेऊन त्यांनीं पुढें १९८४ ते १९८८ या काळांत जुन्या लीगचा चषक चार वेळां जिंकला, तो याच वळणाच्या खेळावर.

ह्यूस्टनचा संघ १९७८ च्या उन्हाळ्यांतच बुडाला. हाउ पितापुत्र त्यापूर्वीं एक वर्ष न्यू इंग्लंडला गेले होते. त्याच सुमारास हेडबर्ग व निल्सन यांनीं न्यूयॉर्कची वाट धरली, आणि रिकाम्या जागा भरण्यासाठीं विनिपेगनें ह्यूस्टनच्या खेळाडूंचे करार विकत घेतले. टेरी रस्कोव्स्की, मॉरिस लुकोविच, रिच प्रेस्टन असे कालचे वैरी विनिपेगचा पोशाख चढवून उतरले. २० मे १९७९ रोजीं त्या मिश्र संघानें अठरा वर्षांच्या ग्रेट्स्कीच्या एडमंटनला ७-३ असें हरवून शेवटचा ॲव्हको चषक घेतला. शेवटचा गोल एडमंटनच्या डेव्ह सेमेंकोचा. तेव्हां घड्याळांत बारा सेकंद उरले होते. तो चषक विनिपेगचा धरावा कीं ह्यूस्टनचा, यावर आणखी एक वाद आहे.